बारा वर्षांची बेरीज

मला फक्त न्हाणी बांधायची होती. हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून लोकांचा असा समज होतो की मी दुसऱ्याची जमीन लाटायला निघालो होतो. तसा मी ती लाटायला निघालो होतो, हे खरं आहे. पण मूळ हेतू आंघोळीचा होता.

सोलापुरात साखर पेठेत आमचं दोन खणांचं घर आहे. ते मी एकोणतीस साली रावजी नावाच्या गिरणीतल्या जॉबरकडून, म्हणजे मुकादमाकडून, विकत घेतलं. घर चांगलं आहे. फक्त बांधणाऱ्याला माणसं आंघोळ करतात हे शेवटी आठवलं असावं. मोरी स्वयंपाकघरात, चुलीच्या बाजूला. आमच्या मंडळींची आंघोळ म्हणजे माझं एक जुनं धोतर आडवं बांधायचं आणि पुरुषमाणसांनी बोळात जाऊन उभं राहायचं. मी शाळेत गणित शिकवतो. सहामाहीचे निम्मे पेपर मी त्या बोळात उभ्यानं तपासलेले आहेत, आणि भिंतीला टेकवून तपासलेल्या पेपरांत मुलांना मार्क कमी पडतात, अशी तक्रारही एकदा हेडमास्तरांकडे गेली होती.

अशी पाच वर्षं निघाली. पुढेही निघाली असती, पण आमची कस्तुरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार असं ठरलं. दिवस माघात भरत होते. मंडळींनी एका रात्री जेवताना मला बजावलं, "बाळंतिणीला धुरात, धोतराच्या आडोशाला न्हाऊ घालायचं असेल तर तिला बार्शीलाच राहू द्या. आणि तसं व्याह्यांना तुम्ही स्वतःच्या हातानं लिहा."

ते 'स्वतःच्या हातानं' मला फार लागलं. मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी करता येत नाही, असं लिहायला मी काय रस्त्यावर पडलो होतो? मी भाकरी टाकून उठलो आणि म्हणालो, "माघाच्या आत न्हाणी उभी राहील." मंडळींनी माझी अर्धी भाकरी झाकून ठेवली, ती मी नंतर खाल्ली.

जागेचा प्रश्नच नव्हता. घरामागे मोकळं परसू होतं. त्यात रावजीनं लावलेला शेवगा होता, आमच्या गवऱ्या होत्या, कपडे वाळत घालायची दोरी होती. आता ही जागा कागदोपत्री आमची नव्हती. पलीकडे भुईमुगाच्या शेंगांचे अडते शिवलिंगप्पा यांचं मोठं घर आहे, त्यांची ती जागा, असं सगळी पेठ धरून चालली होती. पण त्यांचं तिकडे तोंड नव्हतं, पाठ होती, आणि पाठीमागं काय चाललंय हे अडत्या माणसाला पाहायला सवड नसते.

म्युनिसिपालिटीत परवान्यासाठी गेलो. कारकुनानं विचारलं, "जागा कुणाची?"

"घरामागची."

"ती कुठं आहे ते कळलं. कुणाची आहे ते सांगा. मालकाची सही आणा."

आता सही मागायची म्हणजे शिवलिंगप्पांच्या दारात जायचं, आणि तिथं माझी एक अडचण होती. त्यांच्या मुलाला मी गणितात दोनदा नापास केलं होतं. दुसऱ्या खेपेला शिवलिंगप्पा स्वतः भेटून म्हणाले होते, "मास्तर, दोन-चार मार्कांचं बघा की." त्यावर मी त्यांच्याच दुकानाच्या पायरीवर उभा राहून, हमाल ऐकत असताना उत्तर दिलं होतं की मार्क म्हणजे शेंगांचं पोतं नव्हे, मूठभर वर टाकायला. ते वाक्य त्या वेळी मला फार आवडलं होतं. घरी येऊन मंडळींनाही ऐकवलं होतं. आता त्याच पायरीवर उभं राहून 'मूठभर जागा द्या' म्हणायचं? माझ्यासारख्या माणसाला ते शक्य नव्हतं.

ही अडचण मी शेजारच्या ज्ञानबाला सांगितली. ज्ञानबा कोर्टातून बेलीफ म्हणून पेन्शनीत निघालेला. आयुष्यभर लोकांच्या हातात समन्स देऊन देऊन, त्यातला थोडा कायदा आपल्या हातालाही लागला आहे, अशी त्याची समजूत होती.

"मास्तर, मागायचं कशापायी?" तो म्हणाला. "दुसऱ्याची जागा बारा वर्सं वापरली अन् मालक गप ऱ्हायला, की जागा आपली. कायदाच हाय तसा."

"पण मला पाचच वर्षं झाली."

"अन् तुमच्या आदी रावजी हुता की आठ वर्सं. ती मिळवा. तुमी गणिताचं मास्तर, मी काय सांगू?"

खरं सांगतो, मला अडलेलं गणित सुटल्याचा आनंद झाला. आठ आणि पाच तेरा. बारा वजा जाऊन एक वर्ष शिल्लकच राहत होतं. मी ती बेरीज खडूनं ओट्यावर मांडली आणि पुन्हा एकदा उलटी करून ताडून पाहिली. वीस वर्षं मी मुलांना बेरीज शिकवत आलो, पण बेरजेनं जमीन मिळते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ज्ञानबानं मला बाळासो वकिलांकडे नेलं. बाळासो वकील हे जाडजूड, झोपाळू गृहस्थ. माझी हकीकत ऐकताना त्यांनी दोनदा जांभई दिली, पण बेरजेचा विषय निघाल्याबरोबर सावरून बसले.

"वर्षं मिळवता येतात," ते म्हणाले. "पण कशीही नाही. पहिल्यानं आपला ताबा दुसऱ्याच्या हातात दिला पाहिजे. पहिला उठून गेला, जागा ओस पडली, आणि दुसरा आपला आपण येऊन बसला, तर बेरीज होत नाही. पुन्हा एकपासून मोजायचं. तुमच्या खरेदीखतात परसाचं नाव नाही. तेव्हा रावजीनं येऊन सांगायला पाहिजे की, घराबरोबर परसूही मीच मास्तरांच्या ताब्यात दिलं."

"सांगेल," मी म्हणालो.

"आणि ताबा कसा पाहिजे?" त्यांनी तीन बोटं वर केली. "उघड. अखंड. आणि मालकाच्या नाकावर टिच्चून. परवानगीनं बसलात तर शंभर वर्षं बसा, उपयोग नाही. पाहुणा म्हणून बसलेला माणूस मालक होत नसतो. शिवलिंगप्पांशी तुमचं या जागेवरून कधी भांडण झालंय?"

"नाही."

"शिवीगाळ?"

"वकीलसाहेब, मी शिक्षक आहे."

"दमदाटी? काठी वगैरे उगारलीत?" माझ्याकडे पाहून त्यांनी तो प्रश्न स्वतःच सोडून दिला. "बरं, शिवलिंगप्पा या पाच वर्षांत त्या जागेत कधी आले होते?"

"एकदाही नाही."

"वा!" वकील खूश झाले. "हे चांगलं आहे."

यात मी खोटं बोललो नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. त्यांनी शिवलिंगप्पांबद्दल विचारलं, मी शिवलिंगप्पांबद्दल सांगितलं. परीक्षेत या उत्तराला मी पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

पुढच्या रविवारी मी पॅसेंजरनं जेऊरला गेलो. रावजी गिरणी सोडून तिथं आपल्या गावी शेती करत होता. त्याचं-माझं फारसं बरं नव्हतं. घराचा ताबा घेतला त्या दिवशी स्वयंपाकघरातला पाटा-वरवंटा नाहीसा झाला होता. माझं म्हणणं, पाटा जमिनीत बसवलेला होता म्हणजे घरातच मोडत होता. त्याचं म्हणणं, तो त्याच्या आईचा होता. त्यावरून आमची चांगली बोलाचाली झाली होती. निघताना मंडळींनी मला एवढंच सांगितलं, "पाटा दिसला तर बघून या, टवका तर उडाला नाही ना."

पाटा लगेच दिसला. रावजीची बायको सोजरबाई ओसरीवर त्याच्यावरच चटणी वाटत बसली होती, आणि थोड्या वेळानं ती चटणी माझ्या ताटात आली. चटणी उत्तम होती. मोठ्या कामासाठी माणसाला लहान अपमान गिळावे लागतात, आणि हा तर भाकरीबरोबर गिळता येत होता.

"ती मागली जागा?" रावजी म्हणाला. "व्हय, माज्याच वापरात हुती की. शेवगा म्याच लावलाय."

"कुणाला विचारून?" मी श्वास रोखून विचारलं.

"इचारतोय कुनाला! रावजी झाड लावताना इचारत फिरतो व्हय?"

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. माझ्या पाच वर्षांत औषधाला नव्हतं ते वैर इथं आठ वर्षांचं तयार पडलं होतं! त्या भरात मी चूक केली. मास्तर लोकांना नुसतं उत्तर सांगून थांबता येत नाही, रीतही समजावून द्यावी लागते. मी त्याला बारा वर्षांचा कायदा पहिल्यापासून समजावून दिला.

रावजीनं तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाला, "म्हंजी ज्यानं वापरली त्याची जागा?"

"बरोबर."

"आट वर्सं माजी, अन् पाच तुमची?"

"अगदी बरोबर."

"मंग आट मोटं का पाच मोटं?"

एवढा सरळ प्रश्न मला वर्गात कधी कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "आठ."

"मंग जागा माजी झाली. मास्तर, तुमी पाच वर्सं माज्या जागंत गवऱ्या थापताय की! अन् वर मलाच इचाराया आलाय?"

बेरीज असते तिथं वजाबाकीही करता येते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तासभर समजूत घालूनही रावजी आठ आणि पाचाच्या पुढे सरकेना. शेवटी सोजरबाईच आतून ओरडली, "आवं, हितलं रान नांगरून हुईना तुमास्नी, अन् सोलापुरातल्या परसात काय पेरताय? लेक बाळंतपनाला येतीया त्यांची. जावा की, सांगा काय सांगायचं ते!"

रावजी कबूल झाला, पण एका अटीवर. पाटा-वरवंटा पहिल्यापासून त्याचाच होता, हे मी ज्ञानबासमोर माझ्या तोंडानं म्हणायचं. अख्खी जागा गिळायला निघालेल्या माणसानं एका पाट्यासाठी किती ताणायचं? मी अट मान्य केली.

"येळ अमावशेला येतो," रावजी म्हणाला. "त्या दिशी यायला बरं पडंल." हे म्हणताना त्याच्या डोळ्यांत एक चमक दिसली. ती न्यायाची चाड असावी असं मला वाटलं.

मला त्या दिवशी शाळेला सुट्टी होतीच. वकिलांनी ठरवलं की अमावास्येलाच त्यांनी, रावजीनं आणि ज्ञानबानं मिळून जागा पाहायची आणि रावजीचा जबाब तिथंच लिहून घ्यायचा. तोपर्यंत मी काहीतरी शत्रुत्व दाखवून ठेवावं. "निदान कुंपण तरी घाला," ते म्हणाले. "आणि शिवलिंगप्पा काही बोलायला आले तर नरम पडू नका. म्हणा, जागा माझी आहे, काय करायचं ते करा."

मी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालायला घेतलं. ज्ञानबा देखरेख करत होता. एक काटा माझ्या टाचेत मोडला, दोन तळहातात. 'काय करायचं ते करा' हे वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. पहिल्या खेपेला ते प्रार्थनेसारखं वाटलं. पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला भुवया बऱ्यापैकी वर जायला लागल्या. मंडळी दारातून बघत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता, तो कशासाठी हे मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी शिवलिंगप्पा खरोखरच मागल्या दारानं बाहेर आले. मी कोयता खाली ठेवला, भुवया वर नेल्या.

"मास्तर!" ते म्हणाले. "लई चांगलं केलात बघा. शेळ्या शिरत होत्या. आमच्या अव्वाची रोज कटकट, कुणी कुंपण घालत नाही म्हणून. काटे पुरतात का?"

मी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "आपली कृपा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवलिंगप्पांच्या बैलगाडीतून काट्यांचे आणखी भारे आले. गाडीवानानं ते उतरवून, उरलेलं कुंपणही बांधून दिलं. ज्ञानबानं कपाळाला हात लावला. "आपली कृपा म्हनला! मास्तर, कोर्टात हे निगालं तर? दुश्मनी करायचीय, अन् मालकाकडनं काटं घेताय!"

अमावास्येच्या दिवशी सकाळी मी रावजीला आणायला स्टेशनवर गेलो. परत येताना वाटेत वकील भेटले. घरी येऊन ज्ञानबासमोर मी पाट्याचा कबुलीजबाब दिला, एका दमात आणि खाली बघून. मग आम्ही चौघे परसात गेलो, आणि कुंपणाशीच वकील थबकले.

कुंपणाचे दोन भारे बाजूला काढून वाट केली होती. सगळं परसू झाडून, शेणानं सारवलेलं होतं. मधोमध कडब्याची खोपटासारखी कोप उभी होती, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडलेले. पुढे रांगोळी घालत आमच्या मंडळी बसल्या होत्या, आणि शेजारी शिवलिंगप्पांची अव्वा, म्हणजे म्हातारी आई, गौरम्मा, घोंगडीत गुंडाळलेला आंबिलीचा डेरा सोडत होती. बाजरीचे वाफवलेले उंडे, डाळी-भाज्यांची भज्जी, शेंगांच्या पोळ्या, सगळं टोपल्यात भरून आलं होतं.

ज्यांना येळ अमावास्या माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इकडच्या मुलखात या दिवशी शेताचा मालक आपल्या रानात जातो, कोपीत पाच पांडव मांडून पूजा करतो, 'ओलगे' अशी आरोळी देत रानाच्या चारी बाजूंनी आंबील शिंपडतो आणि पाहुण्यांना बोलावून जेवू घालतो. आमच्या गावाकडे, मोडनिंबला, याचं एवढं नाही. पण आम्ही सोलापुरात आल्यापासून दर वर्षी गौरम्मा या परसात यायची, पूजा करायची आणि आम्हांला जेवायला बसवायची. दर वर्षी मी पोटभर जेवायचो. हे मला वकिलांपुढे का आठवलं नाही? वाचकांनी विश्वास ठेवावा, मी लपवलं नाही. मालक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पगडी यायची. म्हातारी नऊवारीतली बाई डेरा घेऊन येते, तिला कोण मालक म्हणतो? ती माझ्या लेखी सणाचाच भाग होती.

मी हे मनाशी जुळवतो न जुळवतो तोच गौरम्मानं माझ्या हातात आंबिलीचा तांब्या आणि लिंबाचा डहाळा दिला. "घ्या की मास्तर. उशीर केलात. आमच्या पोराला दुकान सुटत नाही. आवाज तर तुमचाच मोठा."

सवयीचा हात पुढे गेला. मी आंबील शिंपडत कुंपणाच्या कडेनं निघालो आणि दर वर्षीप्रमाणे ओरडलो, "ओलगे! ओलगे!" चाळीस पोरांच्या वर्गावर कमावलेला आवाज आहे माझा. बोळातल्या खिडक्या उघडल्या, पलीकडच्या मागवाल्यांची पोरं गच्चीवर आली. पहिला कोपरा झाला. दुसरा झाला. तिसऱ्या कोपऱ्यावर माझी नजर बाळासो वकिलांच्या चेहऱ्यावर गेली, आणि आपण काय करतो आहोत ते मला कळलं. पाच वर्षं, दर वर्षी, भर दिवसा, सगळ्या पेठेच्या देखत मी गौरम्माच्या जमिनीची हद्द तिच्या वतीनं ओरडून सांगत आलो होतो. मी जागच्या जागी उभा राहिलो.

"थांबू नका की मास्तर," गौरम्मा म्हणाली. "एक कोपरा राहिला. हद्द पुरी व्हायला पाहिजे."

मी हद्द पुरी केली. शेवटचं 'ओलगे' जरा बसक्या आवाजात निघालं.

वकिलांनी मग अगदी मऊपणानं विचारलं, "अव्वा, ही जागा कुणाची?"

"माझी की! आमच्या मालकांनी माझ्या नावानं लिहून दिली. अक्कलकोटकडचं रान विकलं, त्याचं दुकान केलं. मी म्हणलं, करा, पण मला एवढी माती ठेवा. नाहीतर येळ अमावशेला मी कुठं जाऊ? पांडवांना काय दुकानात बसवू?"

"दर वर्षी येता?"

"न येऊन कसं चालेल?"

"आणि हे मास्तर?"

"पाहुणे आमचे. पहिल्या वर्षापासनं. जेवतात चांगले."

वकील रावजीकडे वळले. रावजी कधीच पंगतीत जाऊन बसला होता आणि त्याच्या दोन्ही गालांत बाजरीचा उंडा होता. "रावजी, तुम्ही?"

"आट वर्सं!" रावजी अभिमानानं म्हणाला. "एक बी चुकली न्हाय. म्हून तर आजचा दीस धरला की. अशी आंबील जेऊरात कुटं मिळतीय?"

"आणि तो शेवगा? तुम्ही न विचारता लावलेला?"

"अव्वाच म्हनली हुती, लाव म्हून. शेंगा निम्म्या तिला." मग त्याला माझा चेहरा दिसला असावा. "मास्तर, आता पाव्हण्याम्होरं मानूस जरा वाडवून बोलतंय की!"

बाळासो वकिलांनी तीन बोटं वर केली आणि एकेक मिटत गेले. मालक दर वर्षी जागेत येत होता, तेव्हा अखंड गेलं. आम्ही उघडपणे जेवत होतो, पण पाहुणे म्हणून. आणि नाकावर टिच्चून म्हणावं तर मी सोलापुरातल्या सगळ्यांत मोठ्या आवाजात तिच्या हद्दीची राखण करत होतो. "रावजीची आठ म्हणजे शून्य," ते म्हणाले. "तुमची पाच म्हणजे शून्य. आता मिळवा." एवढं बोलून त्यांनी जोडे काढले, रावजीशेजारी बसले आणि भज्जी मागून घेतली.

मला वाटलं, आपण कुंपणाच्या काट्यांत शिरून बसावं. मघापर्यंत मी ज्या म्हातारीची जागा बेरजेनं उडवायला निघालो होतो, ती माझ्यासाठी पान मांडत होती. आणि माघ तर तोंडावर आला होता. व्याह्यांना लिहायचं पत्र मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं, माझ्याच वळणदार अक्षरातलं.

तेवढ्यात मंडळी रांगोळी पुरी करून उठल्या. गेले तीन महिने त्यांनी या प्रकरणात तोंड उघडलं नव्हतं. त्या सरळ म्हणाल्या, "अव्वा, माझी कस्तुरा बाळंतपणाला येतेय. घरात मोरी चुलीपाशी आहे, तिला धुरात कशी न्हाऊ घालू? इथं कोपऱ्यात न्हाणी बांधू का?"

"बांध की," गौरम्मा म्हणाली. "पांडवांची जागा तेवढी सोड, आणि पाणी शेवग्याला लाव." आणि मंडळींच्या पानावर उंडा ठेवला.

झालं. जेऊरची वारंवार आठवणारी ती चटणी, टाचेतला काटा, तीन बोटं, आठ आणि पाच, सगळ्याचं उत्तर 'बांध की' या दोन शब्दांत होतं, आणि ते विचारायला लागलेला वेळ म्हणजे एक उंडा वाढायचा वेळ.

दुपारी शिवलिंगप्पा जेवायला आले. त्यांना ज्ञानबानं, कुणी न विचारता, सगळं सविस्तर सांगून टाकलं. ते हसले. "मास्तर, एवढ्यासाठी जेऊर? दोन पावलांवर घर आहे आमचं. विचारलं का नाहीत?"

"तुमच्या मुलाला मी..."

"नापास केलात ते? पोरगा वजनाच्या काट्यावर बसतो आता दुकानात. तुमच्याकडं तीन वर्षं गणित घोकलंय, मला एक शेर इकडचा तिकडं करू देत नाही." मग त्यांनी माझ्या पानाकडे पाहिलं, टोपलीतून मूठभर भाजलेल्या शेंगा घेतल्या आणि माझ्या पानात टाकल्या. "आणि मास्तर, आम्ही शेंगावाले. पोतं मोजून झालं की मूठभर वर टाकतोच आम्ही."

म्हणजे पायरीवरचं माझं ते वाक्य त्यांना अक्षरन् अक्षर आठवत होतं. त्यांनी हे टोचून म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते सहज म्हणाले, आणि मी खाली बघून एकेक शेंग सोलत बसलो.

न्हाणी पंधरा दिवसांत उभी राहिली. परवान्याच्या कागदावर गौरम्मानं मालक म्हणून अंगठा उठवला आणि कारकुनानं मला विचारलं, "मग इतके दिवस काय करत होतात?" मी म्हणालो, "बेरीज." माघात कस्तुराला मुलगी झाली. दुसऱ्या दिवसापासून गौरम्मा रोज सकाळी यायची, न्हाणीत पाटावर पाय पसरून बसायची आणि पोरीला नडगीवर पालथी घालून रगडायची. आधी पोर, मग बाळंतीण, मग शेक-शेगडी, मग दुपटी. गिरणीचा दुसरा भोंगा होईपर्यंत न्हाणी काही रिकामी होत नसे, आणि मला शाळा असे. तेव्हा मी चुलीपाशी मोरीत, त्याच धोतराच्या आडोशाला, धुरात आंघोळ करू लागलो. आता बोळात मंडळी उभ्या राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कारण सांगत.

पुढची येळ अमावास्या आली तेव्हा नात दहा महिन्यांची होती. सगळे जमले होते. रावजी जेऊरहून आला होता, आणि बरोबर सोजरबाईनं वाटलेली चटणी आणली होती. बाळासो वकील न बोलावता आले होते. या जागेची आपल्याला पहिल्यापासून माहिती आहे, असं ते म्हणाले. मी चारी कोपरे ओरडून आलो, मोकळ्या आवाजात.

येऊन पाहतो तो नात रांगत रांगत कोपीत शिरलेली. पाच पांडवांतला एक दगड उचलून तिनं छातीशी धरला होता. चुना हनुवटीला लागला होता. गौरम्मा घ्यायला गेली तर पोरीनं असा गळा काढला की बोळातल्या खिडक्या उघडल्या. मंडळींनी सोडवून पाहिलं, कस्तुरानं पाहिलं, दगड सुटेना. गौरम्मा पुन्हा वाकली, तेव्हा पोरीनं दुसऱ्या हातानं म्हातारीच्या नाकातली मोरणीच पकडली आणि डोळ्यांत डोळे घालून तिच्याकडे बघत राहिली. म्हातारीला हसूही येत होतं आणि नाक सोडवताही येत नव्हतं.

बाळासो वकील हातातला उंडा तसाच धरून बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे वळून एकेक बोट वर केलं.

"उघड," ते म्हणाले. "अखंड. आणि मालकाच्या नाकावर. बघा मास्तर, असं पाहिजे होतं."